फियाट की ॲम्बॅसेडर? खारपाणपट्ट्यातून केलेले दोन जुन्या गाड्यांचे परीक्षण

जुन्या गाड्यांची हौस आता मुंबई-पुण्यापुरती राहिलेली नाही. दर्यापूर, अंजनगाव, मूर्तिजापूर, अकोट या विदर्भातल्या आमच्या खाऱ्या पाण्याच्या पट्ट्यातही जिनिंगच्या आवारात नाहीतर वाड्याच्या ढाळजेत वर्षानुवर्षे ताडपत्रीखाली उभ्या असलेल्या गाड्या बाहेर निघू लागल्या आहेत, आणि त्या विकत घेऊ पाहणारी तरुण मंडळी एकच प्रश्न विचारतात : फियाट घ्यावी की ॲम्बॅसेडर? आमच्या घरी दोन्ही आहेत. १९७८ ची ॲम्बॅसेडर मार्क ३ वडिलांच्या काळापासून घरात आहे, १९८४ ची प्रीमियर पद्मिनी, म्हणजेच फियाट, नंतर आली, आणि दोन्ही आजही चालत्या आहेत. मुंबईच्या गुळगुळीत रस्त्यावर चालवून केलेल्या तुलना पुष्कळ झाल्या. नवतप्याचे, म्हणजे मे अखेरच्या सर्वात कडक नऊ दिवसांचे ऊन, काळी माती आणि आमच्याकडचे खारे पाणी या तिन्हींत या गाड्या कशा टिकतात, हे मला येथे नोंदवायचे आहे.

दोन्ही गाड्या मूळच्या युरोपातल्या आणि एकाच दशकातल्या. इटलीतील तुरीन शहरातल्या फियाट कंपनीने '११००/१०३' हे मॉडेल १९५३ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात मांडले. त्यामागे दान्ते जाकोसा या अभियंत्याचे डोके होते. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळच्या काउली येथील मॉरिसच्या कारखान्यातून 'ऑक्सफर्ड' गाडीची दुसरी मालिका १९५४ मध्ये आणि तिसरी १९५६ मध्ये बाहेर पडली. यातली तिसरी मालिका १९५७ मध्ये हिंदुस्थान मोटर्सने पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे 'ॲम्बॅसेडर' या नावाने बनवायला घेतली. फियाटची जबाबदारी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी उभारलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यात उचलली. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली आणि तीच गाडी १९७४ पासून 'पद्मिनी' म्हणून विकली जाऊ लागली. आमच्याकडे मात्र तिला आजही सगळे फियाटच म्हणतात आणि या लेखातही मी तेच नाव वापरणार आहे.

इंग्लंडने ऑक्सफर्डची ती मालिका १९५९ मध्ये बंद केली आणि इटलीत ११०० चे उत्पादन १९६९ मध्ये थांबले. आपल्याकडे मात्र फियाट शतक संपेपर्यंत बनत राहिली, आणि ॲम्बॅसेडरची शेवटची गाडी तर मे २०१४ मध्ये बाहेर पडली. परवान्यांच्या त्या काळात गिऱ्हाइकाला निवड फारशी नव्हती, किमती सरकार ठरवी आणि नोंदणी करून वर्षानुवर्षे थांबावे लागे, ही गोष्ट सर्वांना ठाऊक आहे. तेवढ्यावरून या गाड्या मुळातच सामान्य होत्या असा जो निष्कर्ष काढला जातो, तो मला पटत नाही. १९५० च्या दशकातल्या मध्यमवर्गीय युरोपी कुटुंबासाठी बनवलेल्या गाड्यांमध्ये या दोन्ही चांगल्या गाड्या होत्या. दोन्हींची बॉडी वेगळ्या चासीवर न बसवता एकसंध बनवलेली आहे, दोन्हींची पुढची चाके स्वतंत्रपणे खालीवर होतात, आणि दोन्हींच्या इंजिनांचे व्हॉल्व्ह सिलिंडरच्या वर, हेडमध्ये बसवलेले आहेत. ॲम्बॅसेडरच्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांत जुने बाजूच्या व्हॉल्व्हचे इंजिन होते, परंतु ती गाडी आता सहसा पाहायला मिळत नाही.

फरक सुरू होतो तो इंजिनापासून. फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे आहे. सिलिंडरचा व्यास ६८ मिलिमीटर आणि पिस्टनची धाव ७५ मिलिमीटर. ॲम्बॅसेडरचे इंजिन १४८९ सीसीचे. व्यास ७३ आणि धाव जवळजवळ ८९ मिलिमीटर. इंग्लंडमध्ये १९४७ पर्यंत गाडीवरचा कर सिलिंडरच्या व्यासावर आकारला जात असे, त्यामुळे तिथल्या कारखान्यांना अरुंद सिलिंडर आणि लांब धाव यांची सवय लागली होती, आणि कर बदलल्यावरही ती सवय बराच काळ टिकली. अशा लांब धावेच्या इंजिनाला कमी फेऱ्यांतच जोर मिळतो. ॲम्बॅसेडर तिसऱ्या गिअरमध्ये अगदी सावकाश, बैलगाडीच्या मागून चालवली तरी कुरकुर करत नाही, आणि समोरचा रस्ता मोकळा झाला की त्याच गिअरमध्ये पुन्हा वेग घेते. फियाटचे इंजिन मात्र फिरते ठेवावे लागते. फेऱ्या कमी झाल्या की ती धडधडते आणि खालचा गिअर मागते. पण तो दिला आणि ॲक्सिलरेटर मोकळेपणाने दाबला, की सुमारे चाळीस अश्वशक्तीचे ते लहानसे इंजिन ज्या हुरूपाने उसळते, तो हुरूप ॲम्बॅसेडरच्या पन्नास अश्वशक्तीत मला कधी जाणवला नाही. फियाटचे वजन नऊशे किलोच्या आतच आहे आणि ॲम्बॅसेडर अकराशेच्या पुढे जाते, हे येथे लक्षात घ्यावे लागेल.

परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना हा फरक सगळ्यात स्पष्ट होतो. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे, आणि घाटातली वळणे अशी आहेत की चढाची गती हातून गेली की पुन्हा मिळवणे अवघड जाते. ॲम्बॅसेडर घाट चढते ती न थकता, परंतु प्रत्येक वळणावर तिचे वजन बाहेरच्या बाजूला झुकते आणि मागच्या बाकावरची माणसे एका अंगाला सरकतात. फियाट दुसऱ्या आणि तिसऱ्या गिअरच्या अदलाबदलीत वर जाते. गिअरचा दांडा स्टेअरिंगच्या खांबावर असूनही हात बसला की गिअर अचूक पडतात, आणि वळणात गाडी पुढच्या चाकांवर नीट टेकून राहते. उतरताना तर फियाटच खात्रीची वाटते. ब्रेक दोन्ही गाड्यांना चारही चाकांवर ड्रमचेच आहेत, पण जी गाडी हलकी तिचे ड्रम उशिरा तापतात. ॲम्बॅसेडर भरलेली असेल तर उतारावर दुसऱ्या गिअरनेच गाडी धरावी. केवळ पायावर भरवसा ठेवू नये. दोन्ही गाड्यांच्या पहिल्या गिअरला सिंक्रोमेश, म्हणजे गिअरच्या चाकांचा वेग आपोआप जुळवून देणारी रचना, नाही, त्यामुळे चालत्या गाडीत पहिला घालायचा झाल्यास डबल क्लच करावाच लागतो, म्हणजे क्लच दोनदा दाबून मधे न्यूट्रलमध्ये इंजिनाच्या फेऱ्या वाढवाव्या लागतात. ही सवय नसलेल्या चालकाच्या हाती यांपैकी कोणतीही गाडी घाटात देऊ नये.

स्टेअरिंगच्या बाबतीत अनेकांचा समज उलटा असतो. ॲम्बॅसेडरचे स्टेअरिंग रॅक-पिनियन पद्धतीचे आहे, म्हणजे रचनेने अधिक थेट. फियाटचे जुन्या वर्म पद्धतीचे. तरीही नित्याच्या वापरात फियाटच हाताला हलकी लागते, कारण पुढच्या चाकांवर भार कमी आणि टायर अरुंद. ॲम्बॅसेडर उभी असताना स्टेअरिंग फिरवणे हे ताकदीचे काम आहे, आणि बाजाराच्या दिवशी दर्यापुरात गाडी लावायची झाली की ते चांगलेच जाणवते.

आता मातीकडे येतो. पावसाळ्यात पांदण रस्त्यावरची काळी माती चाकाला ज्या तऱ्हेने धरते, ते येथे राहणाऱ्याला सांगायला नको. यात ॲम्बॅसेडर निर्विवाद श्रेष्ठ आहे. तिची चाके पंधरा इंची, फियाटची चौदा. बैलगाडीच्या चाकोरीत हा एक इंच आणि टायरची जास्तीची रुंदी यांनी फार फरक पडतो. ॲम्बॅसेडरच्या पुढच्या सस्पेन्शनला स्प्रिंगऐवजी टॉर्शन बार आहेत, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने बसवलेल्या पोलादी कांबी, ज्या पीळ खाऊन धक्का झेलतात. वर्षानुवर्षांच्या भाराने गाडी पुढून बसली, तर जाणता मिस्त्री हा बार नव्याने बसवून उंची परत आणू शकतो. नवा सुटा भाग लागत नाही. फियाटला पुढे कॉइल स्प्रिंग आहेत आणि त्या बसल्या की बदलाव्याच लागतात. मागे दोन्हींना पाटेच, म्हणजे एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा आहेत, आणि पाट्यांचे काम करणारा माणूस आमच्याकडे प्रत्येक तालुक्याच्या गावी सापडतो.

पण ॲम्बॅसेडरचे हे पुढचे सस्पेन्शन ग्रीस मागते आणि ते सातत्याने मागते. किंगपिन, म्हणजे ज्या खिळीभोवती पुढचे चाक वळते ती, आणि खालच्या जोडातले आटे कोरडे राहिले, तर चिखल आणि धूळ मिळून ते झिजवून टाकतात, आणि अशी झीज बाहेरून दिसत नाही. जुनी ॲम्बॅसेडर घेताना पुढचे चाक जॅकवर उचलून, वरून आणि खालून दोन्ही हातांनी धरून हलवून पाहावे. चाक हाताला खेळ देत असेल, तर विकणारा रंगाबद्दल कितीही चांगले सांगत असला तरी किंमत तिथेच कमी करून घ्यावी. आमच्या गाडीला प्रत्येक पावसाळ्याच्या आधी आणि नंतर ग्रीसिंग होते. त्यामुळे मूळचे जोड अजून टिकून आहेत.

उन्हाचा भाग मी जरा विस्ताराने लिहिणार आहे, कारण विदर्भात जुन्या गाडीचा खरा निकाल मे महिन्यात लागतो. पारा पंचेचाळीसच्या वर गेला की रेडिएटरला मिळणारा वाराच तापलेला असतो, आणि इंजिनाचे तापमान ताब्यात ठेवण्यासाठी फार थोडी जागा उरते. ॲम्बॅसेडरच्या इंजिनाचा ब्लॉक आणि हेड दोन्ही बिडाचे आहेत. ती तापली तर थांबते, वाफ सोडते, आणि निवल्यावर बहुधा पुन्हा चालू होते. फियाटचा ब्लॉक बिडाचा असला तरी हेड ॲल्युमिनियमचे आहे. ॲल्युमिनियम उष्णता लवकर बाहेर टाकते हा त्याचा गुण, पण इंजिन एकदा मर्यादेबाहेर तापले की ते बिडापेक्षा जास्त फुगते आणि वाकते. मग हेड आणि ब्लॉक यांच्यामधली सांधा बंद ठेवणारी पट्टी, म्हणजे हेड गॅस्केट जाते, पाणी सिलिंडरमध्ये उतरते आणि सायलेन्सरमधून पांढरा धूर येऊ लागतो. फियाट गरम होते आणि खेड्यात टिकत नाही, ही जी तक्रार आमच्या भागात सर्रास ऐकू येते, तिच्या मुळाशी हे हेड आहे. आमचे मिस्त्री काका फियाटच्या प्रत्येक नव्या मालकाला एकच गोष्ट बजावतात : "इंजिन तापलं त् वरून पानी मारू नोको बाप्पा, बोनेट उघड, अन् झाडाखाली बस." हा सल्ला शंभर टक्के खरा आहे. तापलेल्या ॲल्युमिनियमवर गार पाणी पडले की ते वाकलेच म्हणून समजावे.

परंतु फियाट का तापते, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही, आणि माझ्या मते त्याचे उत्तर गाडीपेक्षा आपल्या पाण्यात अधिक आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातला आमचा हा सगळा भाग खारपाणपट्टा म्हणून ओळखला जातो. अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांतल्या शेकडो गावांत जमिनीखालचे पाणी खारे आहे. ते पिण्यालाही चालत नाही आणि ओलितालाही धड उपयोगी पडत नाही. पण तेच बोअरचे पाणी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या रेडिएटरमध्ये ओतत आलो. त्यातले क्षार रेडिएटरच्या बारीक नळ्यांत आणि ब्लॉकच्या पाण्याच्या वाटांत जमा होतात, आणि ॲल्युमिनियमच्या हेडला तर ते आतून खात जातात. जुन्या फियाटचे हेड उघडले की पाण्याच्या भोकांभोवतीचा धातू किडलेल्या लाकडासारखा पोखरलेला दिसतो. गॅस्केट बसायला सपाट कड उरलेलीच नसते. ॲम्बॅसेडरच्या बिडाला हे पाणी सोसते, म्हणून ती टिकाऊ ठरली. फियाटला मुंबईत नळाचे पाणी मिळाले आणि टॅक्सीवाल्यांनी तिला भर उकाड्यात, खोळंबलेल्या रहदारीत दिवसभर चालवले, तेव्हा तिच्याविषयी अशी ओरड झाली नाही, हे ध्यानात घेतले पाहिजे.

म्हणून आमच्या फियाटमध्ये आम्ही डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट याशिवाय काहीही घालत नाही. रेडिएटर खोलून त्याच्या नळ्या साफ करून घेतल्या आहेत, पाण्याचा प्रवाह तापमानाप्रमाणे उघडणारी झडप, म्हणजे थर्मोस्टॅट, काढून टाकण्याची खेड्यातली पद्धत पाळलेली नाही, आणि पंख्याच्या पट्ट्याचा ताण नियमाने पाहिला जातो. एवढे केल्यावर ती गाडी मे महिन्याच्या दुपारी अकोल्याला जाऊन येते आणि तापमानाचा काटा मर्यादेत राहतो.

उन्हाचा दुसरा त्रास पेट्रोलचा आहे आणि तो दोन्ही गाड्यांना होतो. इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या यांत्रिक पंपात किंवा नळीत पेट्रोलची वाफ होते, कार्ब्युरेटरपर्यंत पेट्रोल पोचत नाही आणि गाडी आचके देत बंद पडते. पंपावर ओले फडके ठेवण्याचा उपाय जुन्या चालकांना पाठ असतो. फडके चिंधीएवढे नसावे. सुती धोतराचा हातभर तुकडा चांगला भिजवून पंपाच्या घुमटाला आणि त्याला जोडलेल्या नळीच्या पहिल्या वितीला दोन फेऱ्यांत गुंडाळावा, म्हणजे कोरड्या गरम वाऱ्याने पाणी उडताना पंप खरोखर गार होतो. आमच्याकडची हवा कोरडी असल्यामुळे हा उपाय कोकणापेक्षा येथे अधिक लागू पडतो. ॲम्बॅसेडरमध्ये कार्ब्युरेटर आणि एक्झॉस्ट इंजिनाच्या एकाच बाजूला असल्याने, लांबचा पल्ला मारून गाडी उभी केली की कार्ब्युरेटरमधले पेट्रोल उकळते आणि लगेच सेल्फ मारला तर ती दाद देत नाही. अशा वेळी चोकला हात न लावता ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरावा आणि मगच सेल्फ मारावा.

पेट्रोलविषयी आणखी दोन गोष्टी सांगितल्या पाहिजेत, कारण त्या विकणारा सांगत नाही. देशात १ फेब्रुवारी २००० पासून शिसेविरहित पेट्रोल सर्वत्र लागू झाले. या दोन्ही गाड्या शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातल्या आहेत, आणि त्या शिशाचा एक थर व्हॉल्व्हच्या बैठकीला झिजण्यापासून वाचवत असे. ॲम्बॅसेडरच्या हेडमध्ये ही बैठक बिडातच कापलेली असते. शिसे गेल्यावर ती हळूहळू खचते, व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांच्यामधली टॅपेटची फट कमी होत जाते आणि गाडीची ओढ मंदावते. उपाय म्हणजे हेड उतरवून कठीण पोलादाच्या रिंगा बसवून घेणे. फियाटचे हेड ॲल्युमिनियमचे असल्याने तिच्यात वेगळ्या रिंगा मुळापासूनच बसवलेल्या असतात, आणि हा खर्च सहसा पडत नाही. ज्या हेडमुळे फियाटला नावे ठेवली जातात, तेच हेड येथे तिच्या बाजूने उभे राहते. दुसरी गोष्ट इथेनॉलची. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि ते जुन्या रबराला मऊ करून सोडते. पेट्रोलची नळी, पंपाचा पडदा आणि कार्ब्युरेटरची वायसरे इथेनॉल सोसणाऱ्या रबराची घालून घ्यावीत, आणि गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत पेट्रोल साठवून ठेवू नये.

बसण्याच्या सोयीबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ॲम्बॅसेडर सुमारे १.६५ मीटर रुंद आणि फियाट १.४६, मागच्या बाकावर ॲम्बॅसेडरमध्ये तीन मोठी माणसे मांडी न आखडता बसतात आणि फियाटमध्ये तिसऱ्याला अंग चोरावे लागते. ॲम्बॅसेडरचे आसन उंच आहे. माझ्या आईचे गुडघे दुखतात, पण ती या गाडीत कोणाचा हात न धरता बसते आणि उतरते. फियाटमध्ये तिला खाली वाकावे लागते. लग्नकार्यात नवरदेवासाठी, दवाखान्याच्या वाटेवर आजारी माणसाला आडवे नेण्यासाठी, किंवा सगळे घर एका गाडीत कोंबून शेगावला जाण्यासाठी ॲम्बॅसेडरच बाहेर निघते. डिक्कीही तिचीच मोठी. दोन्ही गाड्यांच्या पुढच्या दारांना त्या लहान त्रिकोणी काचा आहेत, ज्या उलट्या फिरवल्या की वारा थेट अंगावर येतो. आजच्या गाड्यांतून ही सोय काढून टाकली गेली, याचे मला मनापासून वाईट वाटते.

पेट्रोलच्या खर्चात फियाट सरळ पुढे आहे. आमच्या रस्त्यांवर ती लिटरमागे बारा-तेरा किलोमीटर देते आणि ॲम्बॅसेडर नऊच्या आसपास रेंगाळते. घाटात आणि चिखलात त्याहूनही कमी.

दुरुस्तीच्या बाबतीत एक साधी गोष्ट निर्णायक ठरते, ती म्हणजे पाने. ॲम्बॅसेडरचे बोल्ट इंची आहेत, फियाटचे मिलिमीटरचे. आमच्याकडच्या गॅरेजमध्ये पूर्वी जीप आणि जुने ट्रॅक्टर यांचेच काम जास्त असे आणि त्यांचे पाने इंची, त्यामुळे ॲम्बॅसेडर कोणत्याही गावी उघडता येत असे. फियाटला मात्र चुकीच्या मापाचे पाने लावून बोल्टची डोकी गोल करून ठेवलेली पुष्कळ पाहायला मिळतात. आता चित्र उलटे झाले आहे. नव्या पिढीच्या मिस्त्रींकडे फक्त मिलिमीटरचे पाने असतात आणि इंची पान्यांचा संच मालकालाच गाडीत बाळगावा लागतो.

सुट्या भागांच्या दृष्टीने विदर्भाची जागा मोठी सोयीची आहे. उत्तरपाडा हावड्याच्या शेजारी आणि कुर्ला मुंबईत, आणि या दोन टोकांना जोडणारा हावडा-मुंबई लोहमार्ग नागपूर, वर्धा, बडनेरा, मूर्तिजापूर असा आमच्या दारावरून जातो. कोलकात्याच्या मल्लिक बाजारातून ॲम्बॅसेडरचे आणि मुंबईच्या ऑपेरा हाउस भागातल्या दुकानांतून फियाटचे भाग पार्सलने मागवता येतात. पुढच्या दहा वर्षांचा विचार करता मात्र दोन्हीकडे काळजी आहे. मुंबईच्या रस्त्यावरची शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये बाद झाली. ज्या टॅक्सींमुळे फियाटच्या भागांना रोजचे गिऱ्हाईक होते, ते गिऱ्हाईकच संपले. कोलकात्याच्या पिवळ्या ॲम्बॅसेडर टॅक्सीही वयोमर्यादेमुळे कमी होत आहेत, पण तिथला साठा अजून मोठा आहे. फियाट घेणाऱ्याने पाण्याचा पंप, हेड गॅस्केटचे दोन संच, क्लच प्लेट आणि ब्रेकचे रबरी भाग आजच घेऊन घरात ठेवावेत.

माझा कौल फियाटच्या बाजूने आहे, आणि आमच्या गावात तो फारसा कोणाला पटत नाही. ज्या घरात एकच गाडी आहे, माणसे जास्त आहेत आणि पांदण रस्त्याने वावरापर्यंत जावे लागते, त्या घराने ॲम्बॅसेडरच घ्यावी. तिथे दुसरा विचार नको. परंतु जो माणूस जुनी गाडी आवडीने घेतो, स्वतः चालवतो आणि तिची निगा स्वतः पाहतो, त्याला फियाट जे देते ते ॲम्बॅसेडर देऊ शकत नाही. फियाटचे दोष दुरुस्त होणारे आहेत : चांगले पाणी, साफ रेडिएटर आणि योग्य पाने मिळाले की ती उन्हाळ्यातही साथ सोडत नाही. ॲम्बॅसेडरचे वजन, वळणातला तिचा झोल आणि उतारावरचे तिचे ब्रेक यांवर मात्र कोणत्याही मिस्त्रीकडे इलाज नाही. शिवाय फियाटच्या रेषांमध्ये, विशेषतः मागच्या पंखांच्या त्या हलक्याशा उठावात, जो नीटनेटकेपणा आहे तो इतक्या वर्षांनंतरही डोळ्यांना शिळा वाटत नाही.

घेताना फियाटचा पत्रा आधी पाहावा. बॉडी एकसंध असल्याने दारांखालचे उंबरे आणि जॅक लावण्याच्या जागा गंजल्या असतील, तर वरचा चकचकीत रंग निरुपयोगी आहे. कारपेट उचलून, टोकदार पेचकसाने तळ टोचून खात्री करावी. ॲम्बॅसेडरमध्ये पत्रा जाड असला तरी डिक्कीचा तळ आणि मागच्या पाट्यांचे आधार तपासावेत. एका गॅरेजवाल्याने आमच्या ॲम्बॅसेडरचा असाच गंजलेला तळ नुसती पुट्टी भरून झाकून दिला होता, आणि तो पुन्हा कापून नवा पत्रा जोडावा लागला.

कागदपत्रांकडे सर्वात जास्त लक्ष द्यावे. पंधरा वर्षांनंतर खासगी गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते, त्यासोबत पर्यावरण कर भरावा लागतो, आणि हे शुल्क पूर्वीपेक्षा पुष्कळ वाढले आहे. गाडी पन्नास वर्षांपेक्षा जुनी असेल, तर २०२१ च्या केंद्रीय नियमांप्रमाणे तिची 'व्हिंटेज' म्हणून नोंदणी करता येते. पहिल्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती दहा वर्षे चालते, आणि पुढच्या नोंदणीला ५,००० रुपये लागतात. नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. मात्र अशी गाडी नेहमीच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही, आणि तिची चासी, बॉडी व इंजिन यांत मोठे बदल केलेले नसावेत. हा शेवटचा मुद्दा आमच्या भागात फार महत्त्वाचा आहे, कारण डिझेल स्वस्त होते त्या काळात पुष्कळ ॲम्बॅसेडरमध्ये दुसऱ्या गाडीचे डिझेल इंजिन बसवले गेले आणि त्याची नोंद आरसी बुकात झालीच नाही. पैसे देण्यापूर्वी बोनेट उघडून इंजिनावरचा आणि बॉडीवरचा ठोकलेला नंबर कापडाने पुसून स्वतः वाचावा, तो आरसीशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावा, आणि जुळत नसेल तर गाडी कितीही मनात भरलेली असली तरी व्यवहार तिथेच थांबवावा.